आजची भाकर आणि प्रार्थनेचा हेतू

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना प्रार्थना शिकवतो. तो भाग नीट वाचला की एक पेच समोर येतो. आधी तो बजावतो, की नुसती बडबड करू नका. तुम्हाला काय हवे ते तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला ठाऊक असते. आणि लगेच तो जी प्रार्थना सांगतो ती मागण्यांनीच भरलेली आहे. देवाचे राज्य यावे, रोजची भाकर मिळावी, अपराधांची क्षमा व्हावी, वाइटापासून सुटका व्हावी. पित्याला सगळे आधीच ठाऊक असेल, तर हे मागणे कशासाठी?

ही ‘प्रभूची प्रार्थना’ जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही म्हटली जाते. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट यांचे एरवी कितीतरी बाबतींत पटत नाही. या प्रार्थनेपाशी मात्र ते एकत्र येतात. पण तिच्यातल्या मागण्याचा अर्थ काय, देव ते ऐकून काही वेगळे करतो की बदल मागणाऱ्यातच होतो, ठरलेले शब्द म्हणावेत, मनात येईल ते बोलावे की शांत बसावे, यावर एकमत कधीच झाले नाही. गेल्या दीडशे वर्षांत संख्याशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञही या वादात उतरले. वाद कुठून निघाला आणि आज कुठे येऊन थांबला आहे, हे एकदा सलग पाहण्यासारखे आहे.

जुना पेच, जुनी उत्तरे

इसवी सन २३३च्या सुमारास पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात राहणाऱ्या ओरिजेनला त्याचा मित्र आणि आश्रयदाता अंब्रोस याने काही शंका कळवल्या. देवाला पुढचे सगळे दिसते आणि त्याचा संकल्प बदलत नाही. मग सूर्य उगवावा म्हणून प्रार्थना करणारा जसा खुळा, तसेच बाकीचे प्रार्थना करणारेही नाहीत का? ओरिजेनने ही शंका आपल्या ग्रंथात पूर्ण ताकदीने मांडली आणि मग उत्तर दिले. देवाला माणसाची निवड आधी दिसते, पण ती निवड माणसाचीच असते. कोण मनापासून प्रार्थना करील हेही देवाला आधीच दिसते आणि जगाची व्यवस्था लावताना त्याने ते जमेस धरलेले असते.

ऑगस्टिनचे उत्तर दुसऱ्या वाटेने जाते. ४१० साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा प्रोबा नावाची एक श्रीमंत रोमन विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली. तिने ऑगस्टिनला विचारले, प्रार्थना कशी करावी? त्याने ४१२च्या सुमारास तिला लांबलचक पत्र लिहिले. देवाला माहिती पुरवण्यासाठी आपण बोलत नाही, तो जे द्यायला तयार आहे ते घेण्याइतकी आपली ओढ वाढावी म्हणून बोलतो, असे त्याचे म्हणणे. इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी अगदी छोट्या प्रार्थना पुन्हापुन्हा म्हणतात, कारण लांब बोलताना मन भरकटते, हेही त्याने तिला कळवले. प्रार्थनेचा हेतू आणि तिची रीत या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आल्या, म्हणून ते पत्र आजही वाचले जाते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने दोन्ही धागे एकत्र बांधले. त्याच्या मते देवाचा संकल्प बदलावा म्हणून प्रार्थना नसते. जे प्रार्थनेतून घडावे असे देवाने ठरवले आहे ते घडावे म्हणून असते. पेरणी केल्याशिवाय पीक येत नाही, हेही देवाच्याच व्यवस्थेत आहे. तेव्हा पेरणी आणि प्रार्थना, दोन्ही खरीखुरी कारणे ठरतात. पुढे कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या आवृत्तीत प्रार्थनेला एक मोठे प्रकरण दिले आणि प्रार्थनेची गरज देवाला नसून माणसाला आहे, असे ठासून सांगितले.

ही उत्तरे पक्की वाटतात. पण बायबलमधलेच दोन प्रसंग त्यांना स्वस्थ बसू देत नाहीत. गेथशेमाने बागेत येशू स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो, मग पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवतो, आणि तो प्याला टळत नाही. प्रेषित पौल शरीरातला ‘काटा’ काढून टाकावा म्हणून तीनदा विनंती करतो. काटा निघत नाही. मागणे हा केवळ मनाचा व्यायाम असता, तर या दोघांच्या विनवणीत एवढी कळकळ का असावी?

वेळ, शब्द आणि शांतता

रीतींचा इतिहास सिद्धांतांच्या इतिहासाइतकाच मोठा आहे आणि जास्त रंगीत आहे. ‘डिडखे’ या अगदी आरंभीच्या पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थनेच्या वेळा त्यात ठरवल्या आहेत आणि १५० स्तोत्रे दर आठवड्याला पूर्ण व्हावीत अशी मांडणी आहे. त्या स्तोत्रांत स्तुती आहे, राग आहे, सूडाची भाषा आहे आणि तक्रार तर भरपूर आहे. मनात असो वा नसो, त्या दिवशीचे स्तोत्र म्हणायचेच. दुसऱ्याचे शब्द रोज तोंडी आले की हळूहळू ते आपले होतात, असा या शिस्तीमागचा विश्वास.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या नावाचा जप रुजला: एक छोटे वाक्य, श्वासाच्या लयीत, दिवसभर. चौदाव्या शतकात बार्लाम नावाच्या विद्वानाने मान खाली घालून, श्वास आवरून बसणाऱ्या अथोस पर्वतावरच्या साधूंवर टीका केली. ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभा राहिला. कॉन्स्टँटिनोपलमधल्या १३४१ आणि १३५१च्या धर्मसभांनी पालामासचा पक्ष उचलून धरला. माणसाचे शरीरही प्रार्थनेत सामील होऊ शकते, ही गोष्ट तिथे शास्त्रशुद्ध मानली गेली.

धर्मसुधारणेच्या काळातले एक छोटे पुस्तक इथे जवळून पाहावे. विटेनबर्गमध्ये पीटर बेस्केनडॉर्फ नावाचा न्हावी मार्टिन ल्यूथरची दाढी करायचा. प्रार्थना करावी कशी, असे त्याने विचारले आणि ल्यूथरने १५३५ साली त्याच्यासाठी एक पुस्तिका लिहिली. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि दाढीवर असते. तो बडबडत किंवा इकडेतिकडे पाहत बसला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, प्रार्थनेचेही तसेच, असे तो त्याला त्याच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. प्रभूच्या प्रार्थनेची एकेक ओळ घ्यावी, तिच्यावर थांबावे, मन पेटले की पुस्तकातले शब्द सोडून द्यावेत, असा त्याचा सल्ला. लिहिलेले शब्द आणि मनातले शब्द यांची इतकी सहज सांगड फार थोड्यांना जमली.

इंग्लंडमध्ये मात्र ही सांगड तुटली. थॉमस क्रॅन्मरने १५४९ साली सगळ्या देशासाठी एकच प्रार्थनापुस्तक तयार केले. १६४५ साली पार्लमेंटने ते बाजूला सारले, राजसत्ता परतल्यावर ते पुन्हा आले. परवाना नसताना प्रवचन केले म्हणून बारा वर्षे तुरुंगात काढलेल्या जॉन बन्यनने छापील प्रार्थनांविरुद्ध लिहिले. पवित्र आत्मा आतून शिकवील तीच प्रार्थना, असे त्याचे मत. क्वेकर पंथाने त्याही पुढे जाऊन शांत बसणे हीच उपासना मानली.

या वादाचे एक मोठे पान महाराष्ट्रात लिहिले गेले. पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो बायका-मुली राहत होत्या. जून १९०५मध्ये तिथे आत्मिक जागृतीची लाट उसळली. मुली एकाच वेळी, मोठ्याने, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापांची कबुली, आनंदाचे गाणे, सगळे एकत्र. काही मिशनऱ्यांना तो गोंगाट खटकला. भारतीयांना त्यांच्या स्वभावाला मानवेल अशा रीतीने भक्ती करू द्यावी, अशी भूमिका रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रातून घेतली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जी सभा पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम मानली जाते ती १९०६ची, म्हणजे केडगावनंतरची. ही चळवळ एकाच ठिकाणी जन्मली हे म्हणणे त्यामुळे काही इतिहासकारांना मान्य नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वेगळीच वाट धरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त मागण्यापेक्षा सान्निध्याची ओढ जास्त आहे. मराठी मंडळ्या ‘उपासना संगीत’ उघडतात तेव्हा टिळकांच्या शब्दांनीच प्रार्थना करतात. संतांचा अभंग ख्रिस्ती उपासनेत मुरला तो असा.

आणि मुंबईतले माहीम. १९४८पासून सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना नावाची प्रार्थना होते. चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात: हात, पाय, बाळ, घर. ज्याचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय घेतो, भाड्याच्या खोलीला कंटाळलेले जोडपे घर घेते. मागणीची आणि उपकाराची पत्रे येतात. रांगेत हिंदू आणि मुसलमानही असतात. हा नवसाचा व्यवहार होतो, अशी टीका चर्चच्या आतूनही होते. त्यावरचे उत्तरही आतूनच येते: माणूस देवाकडे जे दुखते तेच घेऊन येणार. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर आहे, तर खोली का नसावी? हे उत्तर सहज बाजूला टाकण्यासारखे नाही.

विसाव्या शतकात मौनाची ओढ पुन्हा वाढली. मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डी’मेलो यांनी १९७८च्या ‘साधना’ या पुस्तकात श्वास, शरीराची जाणीव आणि पौर्वात्य ध्यानपद्धती ख्रिस्ती प्रार्थनेसाठी वापरल्या. लोणावळ्याच्या साधना संस्थेतून ती शिकवण दूरवर गेली. १९८९मध्ये व्हॅटिकनमधल्या कार्डिनल रात्झिंगर यांच्या विभागाने एक पत्रक काढले. पौर्वात्य पद्धतींतले चांगले घ्यावे, पण तंत्रालाच देवाची भेट समजू नये आणि ‘तू’ म्हणून हाक मारायचा देव धूसर होऊ देऊ नये, असा त्याचा आशय होता. १९९८मध्ये, डी’मेलोंच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, त्यांच्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने सावधगिरीची सूचनाही काढली. पुस्तके मात्र वाचली जातच राहिली.

मागण्याविषयी चार भूमिका

पहिली भूमिका सरळ आहे: देव ऐकतो आणि देतो. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने एकोणिसाव्या शतकात हजारो अनाथ मुले सांभाळली. कोणापुढेही हात पसरायचा नाही, फक्त प्रार्थना करायची, असा त्याचा नियम होता, आणि मिळालेल्या उत्तरांची तो नोंद ठेवी. रमाबाईंनी त्याचे अनुभव वाचले होते आणि मुक्ती सदनाच्या उभारणीत त्याची प्रेरणा होती. विरोधक म्हणतात, म्यूलरचे अहवालच छापून लोकांच्या हाती जात होते, मग मदत आली यात नवल काय? त्यावर अनुयायी विचारतात, की लोकांच्या मनात देण्याची इच्छा कोणी घातली?

दुसरी भूमिका जर्मन तत्त्वज्ञ कांटची. १७९३च्या ग्रंथात त्याने देवाला इच्छा कळवण्याला अंधश्रद्धा म्हटले आणि चांगले वागण्याचा निर्धार एवढाच प्रार्थनेचा गाभा शिल्लक ठेवला. वेल्सचे तत्त्वज्ञ डी. झेड. फिलिप्स यांनी १९६५मध्ये तिला अधिक हळुवार रूप दिले. आजारी मुलासाठी प्रार्थना करणारी आई जगावर काही उपाय चालवत नसते; जे आपल्या हातात नाही ते मान्य करून, निराशा स्वतःवर स्वार होऊ न देता, ते देवापुढे ठेवत असते. ही मांडणी माणसाच्या मनाशी प्रामाणिक आहे. पण त्या आईला विचारले, तर मूल बरे व्हावे हीच आपली मागणी होती असे ती सांगेल. तिच्या मागण्याचा अर्थ तिला विचारल्यावाचून बदलायचा का, हा आक्षेप फिलिप्स यांच्यावर आजही आहे. त्यात जोर आहे.

तिसरी भूमिका नात्याची. अमेरिकेच्या एलेनोर स्टम्प यांनी १९७९च्या एका निबंधात विचारले, की सर्वशक्तिमान देव आणि दुबळा माणूस यांच्यात मैत्री व्हायची कशी? न मागता सगळे मिळत गेले तर माणूस एकतर दबून जाईल नाहीतर लाडावेल. मागायला लावून देव माणसाला जागा देतो. मागणी स्वतःसाठी असेल तिथे हा युक्तिवाद चालतो. दुसऱ्यासाठी मागताना अडचण येते: शेजारच्या आजाऱ्यासाठी कोणीच प्रार्थना केली नाही, तर दयाळू देव त्याला तसाच सोडील का? क्लार्क पिनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. भविष्य देवासमोरही पूर्ण ठरलेले नाही, म्हणून प्रार्थनेने खरोखर फरक पडतो, असे ते म्हणाले. अनेक इव्हँजेलिकल पंडितांना हे देवाचे सर्वज्ञत्व काढून घेणे वाटले.

चौथी भूमिका तक्रारीची, आणि तिला आजवर मिळाली त्यापेक्षा जास्त जागा मिळायला हवी. जर्मन धर्मपंडित योहान बाप्टिस्ट मेत्स महायुद्धाच्या अखेरीस सोळा वर्षांचे असताना सैन्यात भरती केले गेले. एका रात्री निरोप घेऊन त्यांना दुसऱ्या ठाण्यावर पाठवले. सकाळी ते परतले तेव्हा त्यांच्याच वयाच्या मुलांची ती सगळी तुकडी मरून पडली होती. एकेका मृत चेहऱ्याकडे पाहण्याखेरीज काही उरले नव्हते. पुढे त्यांनी लिहिले ते सांत्वनाच्या प्रार्थनेविरुद्ध: देवाला जाब विचारणारा आक्रोश हीच प्रार्थना. यहुद्यांनी ऑशविट्झमध्येही प्रार्थना केली, म्हणून ऑशविट्झनंतर प्रार्थना करता येते, असे ते मानत. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे भरपूर आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही रविवारच्या उपासनेत तक्रार क्वचित ऐकू येते.

या चारही भूमिकांत मागणे वगळून प्रार्थनेचा उलगडा करू पाहणारी दुसरी भूमिका ख्रिस्ती व्यवहारापासून सर्वांत दूर पडते. मेत्स यांची तक्रारसुद्धा शेवटी मागणीच आहे, पूर्ण न झालेली.

मोजमापाचे प्रयत्न

डिसेंबर १८७१मध्ये इंग्लंडचा युवराज विषमज्वराने मरणाच्या दारात होता. देशभर प्रार्थना झाल्या, तो वाचला आणि १८७२च्या फेब्रुवारीत सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आभाराची मोठी उपासना झाली. त्याच वर्षी शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एक निनावी प्रस्ताव प्रसिद्धीला दिला: इस्पितळाच्या एका विभागासाठी काही वर्षे प्रार्थना करावी आणि तिथला मृत्युदर इतरांशी ताडून पाहावा. फ्रान्सिस गाल्टन यांनी हाताशी असलेली आकडेवारीच वापरली. राजघराण्यासाठी चर्चमध्ये सतत प्रार्थना होते, तर ते लोक जास्त जगायला हवेत. राजघराण्यातल्या ९७ जणांचे सरासरी आयुष्य भरले ६४.०४ वर्षे, धर्मगुरूंचे ६९.४९, वकिलांचे ६८.१४. धर्मपंडितांनी या मोजण्यालाच हरकत घेतली: देवाची परीक्षा पाहायची नसते, आणि ओठांवरची ठरीव प्रार्थना म्हणजे कळकळीची विनवणी नव्हे.

शंभर वर्षांनी तो प्रस्ताव जवळपास जसाच्या तसा अमलात आला. सॅन फ्रान्सिस्कोत रँडॉल्फ बर्ड यांनी हृदयविभागातल्या ३९३ रुग्णांवर केलेला प्रयोग १९८८मध्ये छापून आला आणि काही बाबतींत प्रार्थना झालेल्या गटाची स्थिती बरी दिसली. अनेक गोष्टी मोजून त्यांतल्या थोड्यांतच फरक दिसला, अशी टीका झाली. मग हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन आणि सहकारी यांनी सर्वांत मोठा प्रयोग केला. तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. सहा इस्पितळांतले बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण तीन गटांत विभागले होते. ख्रिस्ती गटांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर कळवले जाई. ते चौदा दिवस प्रार्थना करीत. प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच झाली: प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ती ५९ टक्के निघाली. एवढी प्रार्थना लागते म्हणजे प्रकृती गंभीर असणार, अशी धास्ती त्यांनी घेतली असेल, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही.

संशयवाद्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. श्रद्धावंतांचा आक्षेप पद्धतीवर आहे. ‘प्रार्थना न झालेल्या’ गटातल्या रुग्णांचे आईवडील, बायको, मुले घरी प्रार्थना करीत नव्हती असे कोण म्हणेल? दोन्ही बाजूंचे एक मत मात्र आहे: अशा प्रयोगातून प्रार्थना औषधासारखी काम करते असा निष्कर्ष निघत नाही.

काय उरले आहे

एक प्रश्न जिवावर बेतणारा आहे. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणांवरून उपचार न मिळाल्याने झालेल्या १७२ बालमृत्यूंचा अभ्यास १९९८मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यांतली १४० मुले अशा आजारांनी गेली होती, ज्यांत उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त होती. मुख्य प्रवाहातली चर्चे प्रार्थना आणि औषध यांत विरोध मानत नाहीत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये उभारलेले मिशन इस्पितळ त्याच परंपरेतले. तरी काही गट औषध नाकारतात, आणि आईवडिलांची श्रद्धा कुठे संपते आणि मुलाचा हक्क कुठे सुरू होतो, यावर न्यायालये आजही झगडत आहेत.

दुसरा प्रश्न न्यायाचा. एका युवराजाचा ताप उतरतो आणि मेत्स यांची अख्खी तुकडी मरते. ओरिजेनपासून स्टम्प यांच्यापर्यंत कोणाच्याही उत्तरात या निवडीचा हिशेब लागत नाही, आणि बहुतेक गंभीर लेखक तो लागल्याचा आवही आणत नाहीत.

तिसरा प्रश्न एकत्र येण्याचा. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस कोरोनाच्या साथीमुळे रिकाम्या पडलेल्या सेंट पीटर्स चौकात, पावसात, जवळपास एकटेच प्रार्थनेला उभे राहिले आणि जगाने ते पडद्यावर पाहिले. तेव्हापासून ऑनलाइन उपासना रुळली आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची आणि परदेशी गेलेल्यांची त्यामुळे सोय झाली. पण एका बाकावर शेजारी बसून, एका सुरात म्हटलेल्या प्रार्थनेची बरोबरी पडदा करतो का, याबद्दल पाळक आणि फादर यांची मते वेगवेगळी आहेत.

संशोधनाचा रोख आता प्रार्थना ज्याच्यासाठी केली त्याच्यावरून, ती करणाऱ्यावर वळला आहे. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमान यांनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड चर्चमध्ये काही वर्षे काढली. त्यांचे पुस्तक २०१२मध्ये आले. प्रार्थना हे शिकण्याचे कौशल्य आहे, असे त्यांना आढळले. सरावाने माणसाच्या मनातल्या प्रतिमा ठळक होतात आणि देवाचा आवाज ‘ऐकू’ येऊ लागतो. पुढे त्यांनी चेन्नई आणि आक्रा इथल्या मंडळ्यांशी तुलना केली, तेव्हा देव बोलतो म्हणजे काय, याचा अनुभवच ठिकाणागणिक वेगळा निघाला. केडगावची सामूहिक प्रार्थना, टिळकांचे अभंग आणि माहीमचा बुधवार इतक्या जवळजवळ नांदतात त्या मराठी मुलखात अशा अभ्यासाला मोठा वाव आहे. पलीकडे कोणी ऐकत आहे की नाही हे आपल्या पद्धतीने ठरवता येत नाही, असे लुरमान स्वतःच स्पष्ट लिहितात.